माउसखालचं अस्तर

माझ्या दुकानात आलेल्या माणसाचा स्वभाव मी तो चहाचा कप कुठे ठेवतो यावरून ओळखते. टेबल चांगलं सहा फुटी आहे, पण निम्म्या लोकांना कप ठेवायला जागा सापडते ती नेमकी माउस पॅडवर. वरून म्हणायचं, "ताई, काय होतंय, रबर तर आहे!" लग्नपत्रिकेचा मजकूर सांगायला आलेल्या एका नवरदेवाच्या मामाला मी यावरून चांगलंच फटकारलं होतं. मामा रुसले, लग्नाचं आमंत्रण काही आलं नाही. आलं असतं तरी लग्नसराईत मला जायला फुरसत कुठे असते?

जामखेडला एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे फ्लेक्स यांचं डिझाइन मी करते आणि छपाई नगरहून करून आणते. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण तोंडातून नगरच निघतं. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर यंत्रांचं फारसं अप्रूप राहत नाही. संगणक चार बदलले, प्रिंटर किती बदलले ते आठवत नाही. एका पॅडचं कौतुक मात्र मनातून जात नाही, आणि ते का जात नाही हे सांगायचं तर वडिलांबद्दल सांगावं लागेल. पण त्याआधी थोडं पॅडबद्दल.

मी संगणक शिकले नगरला, मावशीकडे राहून. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. माउस सरकला की गोळी फिरायची आणि पडद्यावरचा बाण हलायचा. टेबलाच्या गुळगुळीत सनमायकावर ती गोळी नुसती घसरायची, फिरायची नाही. म्हणून प्रत्येक माउसखाली कापड चिकटवलेल्या रबराचा एक चौकोन असे. त्याच्यावर गोळीला पकड मिळायची, शिवाय टेबलावरची धूळ पोटात जायची नाही. तरी थोडी जायचीच. आमचे सर दर शनिवारी सगळे माउस पालथे घालून आतल्या चाकांवरचा मळ काडीने खरवडायला लावत. मला ते काम मनापासून आवडायचं. सर सांगायचे की जगातला पहिला माउस लाकडाचा होता, त्याला खाली दोन चाकं होती. पुढे उजेडावर चालणारे पहिले माउस आले, ते म्हणे स्वतःच्या बारीक रेघा आखलेल्या पत्र्याखेरीज कशावरही चालत नसत. पत्रा हरवला की माउस आंधळा.

नंतर गोळी गेली आणि खालून लाल उजेड टाकणारे माउस घरोघर झाले. तेव्हा सगळे म्हणाले, आता पॅडचं काम संपलं, कशावरही चालतो. मीही तेच म्हणायची. आपण किती मूर्ख असतो हे आपल्याला वेळेवर कळलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

आता वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा पेंटर. जामखेडमधल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरची वचनं, टेम्पोच्या पाठीवरची नावं, हे सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या अक्षराला एक डौल होता. 'क' काढावा तर दादांनीच. उभी रेघ खाली येताना किंचित जाड व्हायची आणि पोट असं भरायचं की जेवून तृप्त झालेल्या माणसाची आठवण यावी. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक काठी होती. टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा बांधलेला. तो गोळा पाटीच्या कोरड्या कडेला टेकवायचा, काठी डाव्या हातात तिरपी धरायची आणि उजवं मनगट त्या काठीवर ठेवून रेघ ओढायची. पाटीला हात कधी लावायचा नाही. रंग ओला असतो, हात टेकला की दिवसाची मेहनत पुसली. लहानपणी मी एकदा ओल्या पाटीवर तळवा उमटवला होता. त्या दिवशी खाल्लेला मार मला अजून आठवतो आणि तो मला मिळायलाच हवा होता.

फ्लेक्स आल्यावर दादांचं काम आटत गेलं. मी स्वतः फ्लेक्सचं दुकान काढलं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. उलट टेबल घासून पॉलिश करून दिलं आणि वर जाड काच बसवून घेतली. काचेखाली मी पत्रिकांचे नमुने लावले. दादा रोज दुकानात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, पेपर वाचत आणि माझ्या पडद्यावरच्या तयार अक्षरांकडे शेजाऱ्याच्या घरात डोकवावं तसं डोकवत. मला मनातून अपराधी वाटायचं. पण वाटून करायचं काय?

एका वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारपेठेतले जुने किराणा दुकानदार आले. दुकानाचं तोंड नवं केलं होतं, त्यावर मोठा फ्लेक्सचा बोर्ड लावायचा होता, पाडव्याला. पण अट एक. "अक्षरं दादांचीच पाहिजेत. पैल्या पाटीला त्यांचाच हात लागला, दुकान उभं राहिलं. तुमच्या त्या कंपुटरमधली अक्षरं सगळ्याच बोर्डावर हायेत. मला ती नगंत."

जुनी पाटी उन्हाने पार सोलून निघाली होती, त्यामुळे तिचा फोटो काढून भागणार नव्हतं. दादांनी कागदावर नाव लिहून दिलं. ते कागदावर फार सुंदर होतं. मी ते स्कॅन केलं, पण पंधरा फुटी फ्लेक्सवर न्यायचं तर त्या अक्षरांवरून संगणकात नव्याने रेघ बसवावी लागते. माउसने एकेक बिंदू द्यायचा आणि दोन बिंदूंमधली रेघ हवी तशी वाकवायची. मी दोन दिवस बसून ती बसवली आणि अभिमानाने दादांना दाखवली.

"चांगलंय," ते म्हणाले. "पर हे माझं न्हाई. हे तुझं हाय."

"दादा, रेघेवर रेघ मारलीय."

"रेघ तीच हाय गं. पर कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, ते हाताला ठावं असतंय." मग म्हणाले, "मला शिकव."

दादा तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. मला इतका आनंद झाला की लगेच खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं. आणि पुढचे तीन दिवस मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते.

ते माउस उचलायचे. ब्रश डब्यात बुडवायला उचलावा तसा बिंदू दिला की माउस हवेत. मनगटही हवेत, सगळा हात खांद्यापासून ताठ. "दादा, उचलू नका," मी म्हणायची. ते व्हय म्हणायचे आणि परत उचलायचे. "हात टेकवा ना पॅडवर!" तर बोटं आखडून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मी खेकसले, "अहो किती वेळा सांगायचं? पहिलीतल्या पोराला कळतं हे!" दादांनी माउस हळूच खाली ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी माउसला हात लावला नाही.

मी दुपारी एक ते तीन जेवायला घरी जायची. तेवढा वेळ दादा दुकान सांभाळत. त्या दिवसांत एक बारीकशी गोष्ट मला सारखी खटकत होती. माझ्या पॅडवर रोज कुंकवाचा ठिपका दिसायचा. हा पॅड नगरच्या एका कागदवाल्या व्यापाऱ्याने दिवाळीला फुकट दिलेला, त्यावर कमळात बसलेल्या लक्ष्मीचं मोठं रंगीत चित्र होतं. खंडेनवमीला आम्ही ब्रश, कात्री, संगणक सगळ्यांची पूजा करतो, तेव्हाचं कुंकू कुठे दडून राहिलं असेल असं म्हणत मी ते रोज ओल्या फडक्याने चरफडत पुसायची. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा हजर.

पाडवा दहा दिवसांवर आला तेव्हा आईने मला चुलीपाशी बोलावून हळू आवाजात सांगितलं, "त्यांनी ब्रश बांधून माळ्यावर टाकलेत. शाळेचं बोलावणं आलं हुतं भिंत रंगवायला, तर न्हाई म्हनून सांगितलं. हात गेला म्हंत्यात. रेघ जाग्यावर बसत न्हाई, उड्या मारती म्हंत्यात. जेवत बी न्हाईत नीट."

संगणक येत नाही म्हणून दादा खट्टू होतील, हे मला समजण्यासारखं होतं. पण ते त्यापुढे गेले होते. चाळीस वर्षांचा त्यांचा हात, ज्याच्या भरवशावर आमचं घर उभं राहिलं, तो मेला असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि मी, त्यांची शिकलेली मुलगी, मीही मनातल्या मनात ते मान्य केलं. वय झालं, बोटं थरथरत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किराणावाल्यांना फोन करून सांगितलं की अक्षरं संगणकातलीच घ्यावी लागतील. ते म्हणाले, "बगू दोन दिवस." नाराज झाले होते.

त्याच दुपारी मी घरी निघाले आणि चावी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. शटर निम्मं खाली होतं. मी वाकून आत गेले तर दादा माझ्या खुर्चीत. पाठ ताठ, चष्मा नाकावर, हात हवेत. पडद्यावर तोच कागद उघडलेला. आणि पॅड? पॅड पडद्याशेजारी भिंतीला टेकवून उभा केलेला होता. लक्ष्मीच्या कपाळावर ताजा ठिपका, समोर एक झेंडूचं फूल. माउस नुसत्या काचेवर फिरत होता.

पडद्यावरचा बाण म्हणजे तापल्या तव्यावरच्या लाह्या. दादा हात इंचभर सरकवत, बाण जागचा हलत नसे. आणखी केसभर सरकवला की कोपऱ्यात उडी. दादा दात ओठ खाऊन पुन्हा मागे आणत, पुन्हा उडी. कपाळावरून घाम वाहत होता.

"दादा, तुमी काचेवर काय करताय?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं. "काय न्हाई. बसलो हुतो उगं."

"पॅड का काढलाय?"

"मग काय देवीच्या तोंडावरनं हात फिरवू?" आता ते चिडले. "तुला चालतंय, तुझं दुकान हाय, मी काय बोललो का कदी? मला न्हाई चालत. रोज उचलून बाजूला ठिवतो, पाया पडतो, आन मग बसतो."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. गेले पंधरा दिवस हा माणूस रोज देवीला मानाने उभी करत होता आणि मग माउसला दिसणारच नाही अशा काचेवर रेघ ओढायला बसत होता. उजेडावरचा माउस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढत असतो आणि आधीच्या फोटोशी ताडून किती सरकलो ते ठरवतो. कापडावर त्याला विणीचे धागे दिसतात, कागदावर बारीक तंतू दिसतात. जाड काचेत त्याला धड काहीच दिसत नाही, खालच्या पत्रिकाही नाहीत. दादांचा हात गेलेला नव्हताच. माउसला खाली जमीन दिसत नव्हती.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. दादांनी काचेवर अंगठा घासला, लक्ष्मीच्या पॅडची कडा अंगठ्याने घासून पाहिली, पुन्हा काच. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला पक्कं आठवतं. स्वतःवरच वैतागलेला, पण आतून सुटका झालेला माणूस.

"मंजी अस्तर न्हाई," ते म्हणाले.

"व्हय दादा."

"आरं देवा! जल्मभर लोकांना सांगत आलो, पाटीचं निम्मं काम अस्तराचं, रंगाखालच्या पैल्या हाताचं. कच्च्या पत्र्यावर रंग मारला का चार म्हैन्यात पापडी निघती. आन हितं मला कळू नये?"

दुसरा पॅड नगरहून मागवायला दोन दिवस लागले असते. लक्ष्मीचा पालथा घालायचं मी नुसतं सुचवलं, तर दादांनी असं बघितलं की मी जीभ चावली. मग ते उठले आणि चप्पल घालून बाहेर पडले. अर्ध्या तासाने परत आले ते पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, त्याच्याकडचंच चिकटवायचं सोल्युशन आणि शेजारच्या टेलरकडून शाळेच्या गणवेशाचं खाकी कापड घेऊन. टेलरकडे त्यांनी म्हणे सात कापडं अंगठ्याने घासून पाहिली होती. एकाचे धागे सुटत होते, एक चमकत होतं, एक फार झिरझिरीत. खाकी पास झालं.

प्लायवूडच्या तुकड्यावर त्यांनी रबर बसवलं, रबरावर कापड. कापड चिकटवताना ते मधून कडेकडे तळव्याने असं सारत नेलं की एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. वर आईचा मसाल्याचा पाटा दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटा उचलून पाहिलं आणि म्हणाले, "थांब, अजून येक हाय." घरी जाऊन माळ्यावरची ती जुनी काठी घेऊन आले. टोकाचा चिंध्यांचा गोळा सोडवला, त्याच चिंध्यांची आडवी वळकटी केली, खाकीत गुंडाळून शिवली आणि पॅडच्या पुढच्या कडेला चिकटवली. मनगट ठेवायला टेकू.

ते बसले. मनगट त्या वळकटीवर ठेवलं आणि मी बघत असतानाच त्यांचा खांदा खाली आला. तीन दिवस ओरडून मला जे जमलं नव्हतं ते त्या चार बोटं चिंध्यांनी केलं. माउस खाकीवर सरकला, बाण त्याच्याबरोबर सरकला, जेवढा हात तेवढाच बाण. पहिला बिंदू, दुसरा बिंदू. मग 'क'चं पोट. रेघ वाकवत, थोडी मागे घेत, पुन्हा पुढे. माउस एकदाही उचलला नाही. पोट भरलं, खालची रेघ किंचित जाड झाली, आणि लहानपणापासून गावभर पाहिलेलं ते अक्षर माझ्या पडद्यावर उभं राहिलं.

"दादा," मी म्हणाले, "मी त्या दिवशी ओरडले ते..."

"गप. मधी बोलू नगं," ते म्हणाले. "हात हलतो."

पुढच्या पाच दिवसांत अकरा अक्षरं, काना-मात्रांसकट पुरी झाली. किराणावाल्यांना मी पुन्हा फोन केला. ते फक्त "झाक!" एवढंच म्हणाले.

तो खाकी पॅड आजही माझ्या टेबलावर आहे. कापड तीनदा बदललं, दर वेळी दादांनीच निवडलं. रबर आणि वळकटी तीच. आता बाजारात मनगटाखाली मऊ जेल भरलेले पॅड मिळतात, चांगले असतात, एक माझ्याकडेही आहे. पण दिवसाचे आठ तास पत्रिका करून मनगट ठणकायला लागलं की मी खाकीवर येते. लक्ष्मी भिंतीवर फळीवर बसवली आहे, तिथे तिला कुणी चहाचा कप लावत नाही. ज्या वस्तूकडे कुणी बघत नाही, जिच्यावर सगळे कप ठेवतात, तिच्यावाचून सगळ्यात हुशार यंत्रही चाचपडतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मामांवर ओरडले त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

पाडव्याच्या सकाळी बोर्ड टेम्पोतून आला. लोखंडी चौकटीवर ताणलेला पंधरा फुटी फ्लेक्स, वर चढवण्याआधी दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. वर गुढी उभी होती, किराणावाले नारळ घेऊन उभे होते, चार ओळखीचे जमले होते. दादा धुतलेला पायजमा-शर्ट घालून आले आणि नेहमीच्या सवयीने चार पावलं मागे उभे राहिले. ओल्या पाटीपासून ते तेवढेच लांब उभे राहत. डोळे बारीक करून त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पाहिलं, आणि पुन्हा मागे.

मग ते पुढे झाले. उजवा हात उचलला, थोडा वेळ तो तसाच हवेत राहिला. आणि त्यांनी आपला सगळा तळवा 'क'च्या पोटावर टेकवला. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण स्वतःच्या ताज्या अक्षरावर हात टेकवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. कुणी त्यांना हटकलं नाही.

शेवटी त्यांनी हात काढला, तळवा उलटा करून पाहिला. एक ठिपका रंग लागलेला नव्हता. तो कोरडा तळवा त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हात हाय गं अजून," दादा म्हणाले.